जोडीचा नवस

नवस बोलताना माणसानं शब्द तोलूनमापून वापरावेत. देव ऐकतो ते ठीक, पण घरातली माणसंही ऐकतात. देव एक वेळ विसरेल, घरातली विसरत नाहीत. उकंडरावांना हे कळलं, पण फार उशिरा कळलं.

गोष्ट तशी जुनी. त्यांचा मुलगा गोकुळ तेव्हा पाळण्यात होता. मिरगाची पेरणी तोंडावर आलेली आणि घरात एकदम दोन दुखणी पडलेली. बायको सोजराबाई कावीळ होऊन मोताळ्याच्या दवाखान्यात, आणि गोठ्यात सर्जा नावाचा बैल गळा सुजून आडवा. उकंडराव दिवसभर दवाखाना ते गोठा अशा खेपा घालायचे. एका संध्याकाळी ते अंगणात उभे राहिले, लोणारच्या दिशेला तोंड केलं, हात जोडले आणि म्हणाले, "कमळजा माय, एवढं दुखणं उतरू दे. जोडीनं पायी पायी तुह्या दारी येईन."

आता शेतकऱ्याच्या तोंडी जोडी म्हणजे बैलजोडी. सर्जा आणि राजा. त्या घडीला उकंडरावांच्या मनात दुसरी कुठलीच जोडी नव्हती. पण ओसरीवर बसलेल्या त्यांच्या आईनं ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन सुनेला सांगितलं की पोरगा तुझ्यासाठी नवस बोलला, जोडीनं चालत लोणारला जाऊ म्हणाला. सोजराबाई खाटेवर उठून बसल्या. त्या दिवसापासून त्यांना उतार पडला. तिकडे सर्जाही उठून चारा खाऊ लागला. देवीनं आपलं काम चोख केलं, घोळ केला तो माणसांनी.

बायको घरी आली तेव्हाच खरं काय ते सांगून टाकायला हवं होतं. पण ती इतकी उजळलेली दिसत होती की उकंडरावांची जीभ उचलली नाही. पुढे तर सांगायची सोयच राहिली नाही. गावात कुठेही हळदीकुंकू असो, सोजराबाईंचं ठरलेलं. आमच्या ह्यांनी माझ्या जिवासाठी नवस बोलला बरं का, असं त्या दर संक्रांतीला सांगायच्या, आणि ऐकणाऱ्या बाया घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या. गावातले निम्मे नवरे उकंडरावांवर डूख धरून होते.

नवस मात्र फिटत नव्हता. कधी पेरणी, कधी कापूस, कधी लग्नकार्य. सर्जा म्हातारा होऊन गेला, त्याला बांधावरच्या लिंबाखाली पुरलं. मग राजा गेला. गोकुळनं ट्रॅक्टर आणला. यंदा कापसाचा शेवटचा वेचा झाला आणि सोजराबाईंनी पिशवी भरली. गुडघे आहेत तोवर फेडून टाकू म्हणाल्या. गोकुळनं गाडीनं सोडतो म्हणून सांगून पाहिलं, त्याला त्यांनी एका नजरेत गप्प केलं. उकंडरावांनी मनात हिशोब केला. बैलांची जोडी तर आता राहिली नाही, नवरा-बायकोच्या जोडीवर देवी भागवून घेईल. आणि हिला काही कळायचं कारण नाही.

राजूरच्या घाटात सोजराबाई तरण्या पोरीसारख्या चढत होत्या. खाली मोताळ्याकडची काळी रानं, वर सागाची वाळकी पानं, मधून वळणं घेणारी सडक. एखाद्या वळणावर ट्रकवाला थांबून विचारायचा, बाबा, बसता का? उकंडराव तोंड उघडायच्या आतच सोजराबाई त्याला नवसाची सगळी हकीगत सांगायच्या. एक ट्रकवाला तर उतरून उकंडरावांच्या पाया पडला. म्हणाला, असा नवरा पाहिला नाही. उकंडरावांना त्या घाटातल्या थंडीत घाम फुटला.

घाटाच्या माथ्यावर दोघांनी भाकरी आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. आपण माहेर, बाजार आणि दवाखाना सोडून असं दोघंच कधी कुठं गेलोच नाही, असं सोजराबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या भाकरीचा पापुद्रा काढून नवऱ्याच्या पानात टाकला. उकंडरावांनी तो पापुद्रा तसाच हातात धरून ठेवला. बायकोवर त्यांचा जीव होता, अगदी मनापासून होता. म्हणूनच भीती होती. ही एक गोष्ट हिनं आयुष्यभर दागिन्यासारखी मिरवली, ती पितळेची निघाली तर हिचं काय होईल, याची.

आणि भीतीचं नाव होतं भागवत. हा त्यांचा जुना शेतशेजारी, सावडीतला माणूस. याचे बैल त्याच्या शेतात, त्याचे याच्या. नवस बोलला त्या संध्याकाळी सर्जाला पाहायला येऊन गोठ्याच्या दाराशी हाच उभा होता. आता तो मुलाकडे चिखलीला राहत होता, आणि चिखली वाटेवर होती. भागवतच्या पोटात आजवर पाणीही टिकलं नव्हतं, तिथं गोष्ट काय टिकणार?

बुलडाण्याहून निघाल्यावर उकंडरावांनी सहज म्हणून सुचवलं की आपण अमडापूरच्या अंगानं जाऊ, तिथंही देवीचं ठाणं आहे, रस्ताही सावलीचा. सोजराबाई म्हणाल्या की एवढा वळसा कशाला, आणि मी तर भागवतभाऊंच्या कारभारणीला, छायाबाईला कालच फोन केला, तिनं पुरणाची डाळ भिजत घातली आहे. पुरण म्हटल्यावर वाद संपला.

भागवतनं स्वागत दणक्यात केलं. पाय धुवायला ऊन पाणी, बसायला गादी. जेवणं होईपर्यंत उकंडरावांनी त्याला बोलूच दिलं नाही. पीकपाणी, नातवंडं, गुडघे, मलकापूरचा कापसाचा बाजार, सुचेल तो विषय ते काढत राहिले. पण हात धुऊन झाले आणि भागवत आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक पितळी घाटी होती, बैलाच्या गळ्यातली घंटा, चामड्याच्या पट्ट्यासकट. भागवतनं गाव सोडलं तेव्हा उकंडरावांनीच सर्जाची आठवण म्हणून त्याला दिली होती.

"उकंडभाऊ, हे घेऊन जा," भागवत म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तू सर्जासाठी नवस बोलला, जोडी घेऊन येतो म्हनला देवीले. जोडी तं आता राह्यली नाई. त्याची घाटी तरी वाह्य."

छायाबाई पान लावत होत्या, त्यांचा हात थांबला. सोजराबाईंनी घाटीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. उकंडरावांनी छताकडे पाहिलं. एवढ्यावरच सगळं कळलं. घाटी सोजराबाईंनी स्वतः पिशवीत ठेवली, छायाबाईला पुरण छान झालं होतं म्हणाल्या, आणि झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुढे आणि उकंडराव मागे. रोज दोघांच्या मध्ये गप्पा चालायच्या, आज पिशवीतली घाटी तेवढी वाजत होती. तिचा एकेक ठोका उकंडरावांच्या काळजावर पडत होता. मध्ये एका टपरीवाल्यानं कुठं निघालात म्हणून विचारलं. उकंडराव कान टवकारून थांबले. सोजराबाई नुसतं "लोणारले" म्हणाल्या आणि चहाचा कप खाली ठेवून चालू लागल्या. नवसाची गोष्ट त्यांनी सांगितली नाही. भांडल्या असत्या, रडल्या असत्या तर उकंडरावांना चाललं असतं. ती न सांगितलेली गोष्ट मात्र त्यांना फार लागली.

हिवरा आश्रमाच्या अलीकडे रस्त्याकाठी बाभळीची सावली होती. सोजराबाई तिथं बसल्या आणि उकंडरावांना समोर बसायला सांगितलं.

"मी दवाखान्यात पडलेली होती," त्या म्हणाल्या, "अन् तुमी बैलासाठी नवस बोलले. काऊन?"

उकंडरावांनी रात्रभर चांगली चांगली उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही आठवेना. मग खरं होतं तेच बाहेर आलं.

"तुले डॉक्टर होता," ते म्हणाले. "सलाईन होती, तुहा भाऊ होता, माही माय होती. त्याले कोन होतं? त्याच्याजोळ मी एकटा होतो. अन् मले वाटे, तू त जातच नाई. तू जाशील असं माह्या मनातच आलं नाई कधी."

सोजराबाई बाभळीच्या शेंगा चाळवत बसल्या. त्यांना सर्जाही आठवला असावा. त्याला पहिली भाकर त्याच द्यायच्या, आणि पोळ्याला त्याच्या शिंगांना बेगड लावायचा मानही त्यांचाच होता. मग त्यांनी विचारलं की जोडीत सर्जा कोणत्या अंगाला चालायचा. उजव्या, उकंडराव म्हणाले. आणि ओढायचा कोण जास्त? सर्जा दिसायला देखणा, डौल मोठा, पण सगळा भार राजावर टाकायचा, असं त्यांनी कबूल केलं.

"ते मले ठाऊक हाय," सोजराबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून घाटी काढली आणि उकंडरावांच्या गळ्यात बांधली. देवीला कबूल केली ती बैलांची जोडी, तेव्हा बैलांचीच पोचवू, असा त्यांचा सरळ हिशोब होता. त्या उठल्या, पदर खोचला आणि डाव्या अंगाला उभ्या राहिल्या.

तिथून पुढचा प्रवास पाहण्यासारखा होता. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, गळ्यात घाटी, असे उकंडराव टिणटिण करत रस्त्यानं चालले होते. आश्रमात जेवणाच्या पंगतीत वाकले की वाजायचे, पाणी प्यायले की वाजायचे. वाढणाऱ्यानं चकित होऊन विचारलं, तेव्हा सोजराबाईंनी त्याला बसवून पहिल्यापासून सगळी गोष्ट सांगितली. पण आता ती नवी गोष्ट होती, बैलासकट. पंगतीतली माणसं पोट धरून हसली, आणि एका म्हातारीनं डोळेही पुसले. उकंडराव लाजेनं लाल झाले होते. तरी आतून त्यांना इतकं हलकं वाटत होतं की त्यांनी पुन्हा भाजी मागून घेतली.

मेहकरात चुकून ते डाव्या अंगाला आले, तर सोजराबाईंनी कोपरानं ढकलून त्यांना परत उजवीकडे घातलं. बाजू बदलली की बैल बिचकतो, हे शेतकऱ्याच्या बायकोला कुणी शिकवावं लागत नाही.

लोणारला पोचले तेव्हा सकाळची उन्हं सरोवराच्या पाण्यावर आली होती. देवीचं देऊळ खाली, पाण्याच्या काठाला. झाडीतून उतरणारी पायवाट अरुंद, दोघांना जेमतेम मावेल एवढी. तरी ते शेजारी शेजारीच उतरले, तो उजवा, ती डावी. वाटेत माकडं होती, ती घाटीच्या आवाजानं आपोआप बाजूला झाली.

देवळात गर्दी नव्हती. सोजराबाईंनी ओटी भरली. उकंडरावांनी घाटी सोडून देवीपुढे ठेवली, आणि गळा मोकळा झाल्यावर काय करावं ते त्यांना कळेना. हात जोडून ते म्हणाले, "माय, जोडी आनली."

"कोनती, ते नीट सांगा," शेजारून आवाज आला. "मागच्या खेपेवानी घोळ नको."

उकंडरावांनी उभ्या आयुष्यात बायकोला नावानं हाक मारली नव्हती. गोकुळची माय, नाहीतर ऐकलं का वं, एवढ्यावर त्यांचा संसार झाला होता. ते देवीकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाज जरा मोठाच निघाला.

"माय, मी उकंडा. तवा सर्जासाठी बोललो, तू त्याले उठवलं. हिच्यासाठी काही मांगितलं नाई, तरी तू हिले देल्ली. आता मांगतो. सोजराले माह्या आंधी नेऊ नको. माह्यानं एकट्यानं ओढनं होत नाई. दर साली जोडीनं येईन. सोजरा अन् मी."

पुजाऱ्यानं मान वर करून पाहिलं. सोजराबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता आणि त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी नाक पुसलं, देवीला आणखी एकदा हळद-कुंकू वाहिलं आणि बाहेर आल्या.

चढण खडी होती. अर्ध्यावर उकंडराव दम खायला थांबले आणि चुकून डाव्या अंगाच्या दगडावर बसले. गळ्यात आता घाटी नव्हती, त्यामुळे कोण कुठं बसतो याचं भान सुटलं होतं. सोजराबाई चार पावलं पुढे जाऊन वळल्या. नवऱ्याचं नाव घ्यायची त्यांच्याकडे रीत नव्हती, ती मोडायची त्यांची इच्छाही नव्हती. पण बैलाचं नाव घ्यायला कुणाची ना आहे?

"चला सर्जा," त्या म्हणाल्या. "उजवीकडून."

उकंडराव उठले, धोतर झटकलं आणि आपल्या बाजूला येऊन चालू लागले.