एका दाराला दोन कुलपं

मी एक पितळी कुलूप बोलतोय. अलीगढला घडलो आणि नालासोपाऱ्यातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात खोक्यात पडून होतो. तिथून मला संजनाने उचललं. "भारीतलं द्या," ती दुकानदाराला म्हणाली, "माझी पहिलीच खोली आहे."

संजना लॅबमध्ये कामाला. जवळच्याच आचोळ्यात खोली घ्यायची, भाड्याने द्यायची आणि भाड्यातूनच कर्जाचा हप्ता भरायचा, असा तिचा बेत होता. बँकेने कागद पाहून नकार दिला. तेव्हा खोली दाखवणारा एजंट दीपेश म्हणाला, "मॅडम, बँकवाले उगाच टेन्शन देतात. आपल्या ओळखीची फायनान्स कंपनी आहे." व्याज जास्त होतं, तरी तिने सही केली. कमी पडले तेवढ्यासाठी आईच्या पाटल्या गहाण टाकल्या.

मला दाराला लावलं त्या दिवशी आई, सत्यवती, सोबत होती. "बाय, बँक नाय म्हनाली ती कशापायी, ता कोनी सांगितला का?"

"आई, आता झालं ना सगळं," संजना म्हणाली.

चारेक दिवसांनी दीपेश एका वयस्कर गृहस्थांना घेऊन आला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे बिल्डरचं कुलूप, सर. उद्या काढतो. तुम्ही वरच्या कडीला तुमचं लावून ठेवा." मी हादरलो. ओरडायला मला तोंड कुठलं?

रविवारी संजना भाडेकरू घेऊन आली. तिने मला उघडलं, दार ढकललं. ते हललं नाही. मग तिची नजर वरच्या कडीतल्या दुसऱ्या कुलपाकडे गेली. दीपेशचा फोन बंद होता. तेवढ्यात तेच गृहस्थ जिना चढून आले. निकोलस सर, निवृत्त शिक्षक.

"कोण हवंय, बाई?"

"ही माझी खोली आहे."

"नाही हो. माझी आहे."

दोघांनी कागद काढले. खोली तीच, विकणारा तोच. सर पायरीवरच बसले. "फंडाचे सगळे पैसे घातले मी," ते हळूच म्हणाले. "घरी बायकोला, मार्गारेटला, आता काय सांगू?" भाडेकरू खाली उतरला.

आपलं कुलूप काढा, असं दोघांपैकी कोणीही म्हटलं नाही. संजनाने सरांना हात देऊन उठवलं आणि दोघं मिळून पोलीस ठाण्यात गेली.

आता आम्हा दोन्ही कुलपांवर लाखेचं सील आहे. दीपेश सापडलेला नाही. हप्ते मात्र चालूच आहेत. माझ्यामागची रिकामी खोली कोणाची, हे मलाही ठाऊक नाही. कधीतरी मला उघडायचा हुकूम येईल. त्या दिवशी एवढं करा, या दोघांनाही दारासमोर उभं राहू द्या.