चौथ्या पॅचला डिस्क करकरली तेव्हा

मित्रांनो, बिश्केकमधल्या एका घरात फळीवर उघडाबोडका बसलेला मी एक जुना संगणक आहे. आधी एका गोदामात राबलो. तिथून भंगारात निघालो, तेव्हा सायकालनं मला घरी आणलं. तिला सगळे ‘एजे’, म्हणजे ताई म्हणतात.

संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. आमचा कर्नल जगभरातली माणसं मिळून लिहितात. कुणी दुरुस्ती केली, की तिचा तुकडा, म्हणजे पॅच, ई-मेलनं पाठवतात. डिस्कवर लिहिण्याच्या भागाचे पॅच सायकालकडे येत. ती ते ओळीनं लावी, माझ्यावर चालवून पाही, मगच पुढे धाडी. माझ्यासारखी जुनी डिस्क दुसऱ्या कुणाकडे उरली नव्हती. त्यामुळे माझा मान मोठा.

त्या रविवारी संध्याकाळी पाचला नवे पॅच घेणं बंद होणार होतं. ओश शहरातल्या मेदेरबेकनं चार महिने खपून सात पॅच लिहिले होते. सातही एकदम लावले, तर मी सुरळीत चाललो. फोनवर तो घाईला आला होता. आज हुकलं तर दोन महिने खोळंबा.

सायकालनं मात्र एकेक पॅच लावून मला पुन्हा सुरू करायला घेतलं. पुढे कधी कर्नल बिघडला, तर चूक कुठे शिरली हे शोधणारी माणसं मधल्या कुठल्याही पॅचवर थांबून, तिथवरचाच कर्नल चालवून बघतात. म्हणून प्रत्येकानं आपल्या पायावर उभं राहायला हवं.

तीन पार पडले. चौथ्याला माझी डिस्क करकरली. मी माझ्याच फाइलींवर कचरा लिहू लागलो आणि मला थांबता येईना. सायकालनं वायर उपटली.

“चौथा पॅच डिस्क खातो,” ती फोनवर म्हणाली. “सहाव्यात तू ते सावरलंयस.”

“माहीत होतं, एजे. वाटलं, मध्येच कोण थांबतंय.”

“जो थांबेल, त्याचं सगळं जाईल. सहाव्यातलं चौथ्यात घाल. मी आहे इथेच.”

त्यानं बदल धाडला, तेव्हा चार वाजले होते. माझ्यावरचं सगळं पुसून तिनं मला नव्यानं भरलं. डिस्क आता टिकेल की नाही, मलाही ठाऊक नव्हतं. पाचवा पॅच चालू असताना पाच वाजून गेले. तिनं घड्याळ पाहिलं आणि सहावा लावला.

दोन महिन्यांनी सातही पॅच कर्नलमध्ये गेले. चौथ्याच्या माहितीत मेदेरबेकनं आपणहून लिहिलं होतं: ‘आधी यात चूक होती. मला ती माहीत होती. एजेंनी पकडली.’

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना सांभाळा. आणि काम तपासायला देताना मधला भाग झाकू नका. तिथेच कुणीतरी थांबणार असतं.