साताच्या पाढ्यापुरती जागा

मी एक जुना लॅपटॉप आहे. उज्जैनला, नानाखेड्याच्या एका फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर माझा मुक्काम असतो. बिजागरी जरा कुरकुरते, पण मित्रांनो, माझी स्मरणशक्ती अजून पक्की आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी डिस्क अगदी कोरी होती. शैलेंद्रदादांनी माझ्यावर अभ्यास करून बँकेची परीक्षा दिली. पास झाले, तेव्हा पहिला पेढा माझ्यापुढे ठेवला! मग त्यांची मुलगी इशिता जन्मली आणि मी तिच्या आईच्या, निहारिकाताईंच्या ताब्यात गेलो.

ताईंना काही हरवेल याची फार धास्ती. दर रविवारी त्या फोनमधलं सगळं माझ्यात उतरवायच्या. मागच्या वेळचं नीट उतरलं नसेल तर, म्हणून तेही पुन्हा. ‘इशिता’, ‘इशिता नवीन’, ‘इशिता नक्की’. तिच्या पहिल्या दाताचा एकच फोटो माझ्यात अकरा ठिकाणी होता. जागा संपत आल्याची सूचना मी दाखवायचो. ताई ती बंद करायच्या.

“अगं, थोडं डिलीट कर ना. ये तो गोदाम हो गया,” दादा म्हणायचे.

“आणि नेमकं तेच लागलं तर?”

मी मंद झालो. मग सगळे मलाच ‘डब्बा’ म्हणू लागले.

इशिताचे आजोबा, बापू, निवृत्त शिक्षक. शाळेत ती ‘दो दूनी चार’ म्हणते, पण घरी दिवेलागणीला बापू तिच्याकडून मराठी पाढे म्हणून घ्यायचे. एक ओळ बापूंची, मग थांबायचं, मग ओळ इशिताची.

मागच्या वर्षी बापूंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. इंदूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी ताईंनी आवाज रेकॉर्ड करायला मला बापूंसमोर ठेवलं. खरखरत्या आवाजात, दम खात, त्यांनी दोनापासून दहापर्यंतचे पाढे म्हटले.

ताईंनी ‘सेव्ह’ दाबलं. माझ्यात जागाच नव्हती. सगळं गेलं.

“बापू, मीच भरून ठेवलं हो सगळं,” ताई कशाबशा म्हणाल्या.

बापूंनी कोमट पाण्याचा घोट घेतला. “रडतेस काय? एक पाढा निघेल अजून. तोवर जागा कर.”

ताई पुसायला बसल्या. इशिता शेजारी. “आई, ही पण मीच, ही पण मीच! एक ठेव ना.” एक ठेवून दहा पुसले, तरी जागा होईना.

“कचरापेटी रिकामी कर, सगळं तिथेच पडलंय,” दादा म्हणाले. ती रिकामी झाली आणि मला हायसं वाटलं.

“कुठला म्हणू, इशू?”

“साताचा. माझा तोच चुकतो.”

आता बापू घरी आहेत. गळ्याला मऊ रुमाल असतो. दिवेलागणीला माझ्यातून त्यांचा आवाज येतो, “सात एके सात,” आणि थांबतो. इशिता म्हणते. परवा ती “सात सक्कं चव्वेचाळीस” म्हणाली. बापूंनी टेबलावर टिचकी मारली. तिनं जीभ चावली, “बेचाळीस, बेचाळीस!”

काल साताचा पाढा एकदाही चुकला नाही. “आई, आता बापूंचा आठाचा लाव ना!”

ताईंचा हात माझ्या बटणांवर थबकला. माझ्यात आता चौथा हिस्सा मोकळा आहे, मित्रांनो, पण आठाचा पाढा नाही. तुमच्या घरच्या संगणकाकडे एकदा बघा. एकच गोष्ट दहादा साठवू नका. मोलाची असेल तर तिची एक प्रत दुसरीकडे ठेवा, बाकीच्या पुसा. आणि हे आजच करा.

ताईंनी बापूंकडे पाहिलं. बापूंनी मान डोलावली.

“आठ एके आठ,” ताई म्हणाल्या, आणि बापूंसारख्याच थांबल्या.