राणीच्या हनुवटीवरचा तीळ

दात गेल्यापासून आत्याच्या बोलण्याची धार गेली. पूर्वी तिने नुसतं "मूर्खा" म्हटलं तरी माणूस दोन दिवस गप्प बसायचा. आता शब्द फुस्स करून ओठांतून निसटायचे आणि समोरचा हसायचा. कवळी हवी होती ती यासाठी. नीट जेवता येत नाही, हे दातांच्या डॉक्टरला सांगायचं कारण होतं.

कवळीला पैसे नव्हते. होती दोन चांदीची नाणी, दोन्हींवर एकाच राणीचा मुखडा. एक आत्याच्या वडिलांचं, अस्सल. दुसरं आतोबांनी केलेलं. ते पदकांचे ठसे कोरायचे, हात असा की राणीलाही स्वतःचा चेहरा वाटावा. फक्त राणीच्या हनुवटीवर त्यांनी आत्याचा तीळ ठेवून दिला होता. "जगात असं एकच, तुझ्यासाठी," म्हणाले होते. आतोबा जाऊन नऊ वर्षं झाली, पण हे वाक्य आत्या अजून आठवड्यातून एकदा तरी ऐकवते.

मी नाणी घासून लख्ख करायला बसले तर तिने हातावर चापट मारली. "तो काळेपणा वयाचा आहे. घासलास तर अर्धी किंमत मोरीत जाईल."

विकायची रीतही तिची ठरलेली होती. आधी खोटं दाखवायचं. त्याला दुकानदार खरं म्हणाला तर तो अडाणी. खोटं म्हणाला तर मग खरं काढायचं, आणि त्यालाही खोटं म्हणाला तर तो चोर. दोघांनाही रामराम.

सराफाने चेहरा न बघताच नाणं तराजूत टाकलं आणि चांदीचा भाव सांगितला. "उद्या मलाही किलोवर घेशील," असं म्हणून आत्या पायऱ्या उतरली.

जुन्या वस्तूंच्या दुकानात मात्र मालकाचे डोळे चमकले. "अस्सल आहे, आजी," म्हणत त्याने असा आकडा सांगितला की मला खालची-वरची पूर्ण कवळी दिसायला लागली. मी आत्याला कोपराने ढोसलं.

"हे विकायचं नाही," ती म्हणाली. "आणि तुला नकली ओळखता येत नाही, तर तुझ्यापुढे मी अस्सल काढणार नाही."

रस्त्यावर मी चिडले. "तुला दात हवेत की नकोत?"

"हवेत. पण हे विकून नकोत."

तिसरा माणूस फक्त नाण्यांचाच व्यापार करायचा. अरुंद जिना, वर एक खोली, टेबलाशी आत्याच्याच वयाचा म्हातारा, डोळ्याला भिंग. त्याने तीळवालं नाणं कडांना धरून फिरवलं.

"हे खोटं," तो म्हणाला. आत्या खूश झाली. पण म्हाताऱ्याने भिंग तसंच ठेवून मान वर केली आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आत्याने हनुवटीवर हात ठेवला, पण उशीर झाला होता.

त्याने खण उघडला आणि कागदाच्या पुड्या एकेक करून सोडल्या. अकरा राण्या. अकरा तीळ.

"एक सभ्य गृहस्थ वर्षाला एखादं आणून द्यायचे," तो म्हणाला. "मी खरी म्हणून घेतली. अकरावं घेतल्यावर कळलं."

आत्या माझ्याकडे वळली. "ओव्हरटाइम म्हणायचा मेला. माझं घड्याळ, शिलाई मशीन, तुझी कॉलेजची फी. मला विकून मलाच घड्याळ आणलं."

फीचं ऐकून मी खाली बघायला लागले. आतोबांचा राग यायला हवा होता, आली ती आठवण.

"पैसे परत मागणार?" आत्याने म्हाताऱ्याला विचारलं. "मागा. मग मीही चारचौघांत सांगेन, की नाण्यांतल्या जाणकाराला अकरा नाण्यांपर्यंत बाईचा तीळ दिसला नाही."

म्हातारा हसला. मग तिने वडिलांचं नाणं पुढे केलं. त्याने साल पाहिलं, न घासल्याबद्दल शाबासकी दिली आणि सरळ भाव सांगितला. त्यात खालचे दात येत होते, वरचे नाही.

"ते बारावंही मला द्या," म्हातारा हळूच म्हणाला. "असा हात पुन्हा पाहिला नाही मी."

मला वाटलं, आता ही उठणार. पण तिने नाणं तळहातावर घेतलं, अंगठ्याने तीळ पुसल्यासारखा केला आणि टेबलावर ठेवलं. "त्याने मला अकरा वेळा विकलं. बाराव्यांदा मी विकते. भाव मात्र मी सांगणार." तिने वरच्या दातांचा आकडा सांगितला, आणि माझ्या रिक्षाचे पैसे वर.

महिन्याभराने कवळी आली. डॉक्टर म्हणाले, आधी काहीतरी मऊ खा. आत्याने काही खाल्लं नाही. घरी येऊन आतोबांच्या फोटोसमोर खुर्ची ओढली आणि एकेक अक्षर दातांवर घासून म्हणाली, "लबाडा. एकच म्हणाला होतास."

पुढचं अर्धा तास चाललं. मी दार ओढून घेतलं, पण बाहेरही सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.