उजव्या खांद्याचा वेगळा कागद

"आत्या, तू शिवलेले कपडे माझ्या अंगावर असे तिरपे का लोंबतात गं?"

विचारलं! एकदाचं विचारलं! लंबू आणि चष्मिष, माझ्या दोघी मैत्रिणी, पैजेवर म्हणाल्या होत्या की आत्याला हे विचारायची छाती आमच्या घरात कुणाचीच नाही. खरंच नव्हती. ती बाबांची मोठी बहीण, खालच्या मजल्यावर शिवणकाम करते. तिने शिवलेल्या शर्टचा खिसा पार काखेत गेला तरी बाबा निमूटपणे घालतात.

आत्याच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने एकेक काढून बाजूला ठेवली. तेवढ्यात मी मनातल्या मनात दोनदा पळून आले.

"माझं कटिंग तिरपं? अख्खी गल्ली माझ्याकडून शिवून घेते! तू आधी सरळ उभी राहा."

"सरळच उभी आहे. माझा उजवा खांदाच खाली आहे ना!"

"म्हणून तर तिथे पॅड घालते मी."

ते पॅड! दुसऱ्या तासापर्यंत ते सरकून गळ्याच्या हाडावर येतं, बेडकासारखं बसून राहतं. ते झाकायला मी भर उन्हाळ्यात जॅकेट घालते. पण आता जॅकेट चालणार नव्हतं. शाळेच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करशील का, असं बाईंनी मला विचारलं होतं. स्टेजवर, अख्ख्या हॉलसमोर, सगळ्यांसारखा निळा ड्रेस घालून. मला ते इतकं, इतकं हवं होतं! आणि मी काय म्हणाले? "सोमवारी सांगते." आज रविवार होता. आत्याला हे सगळं ठाऊक होतं, ड्रेसचं निळं कापडही तिच्या टेबलावर येऊन पडलं होतं.

"एवढं कळतंय तर तूच काप," आत्याने माझ्या मापाचा खाकी कागद पुढे सरकवला.

तिला वाटलं मी गप्प बसेन. मी कागद उचलला. अर्धाच! म्हणजे सगळ्यांचेच अर्धे असतात. कापडाची घडी घालायची, घडीवर कागद ठेवायचा, एकदा कात्री चालवली की दोन्ही बाजू निघतात. पण हे अर्धं माप कुठल्या बाजूचं? माप द्यायला आत्या आम्हाला मशिन आणि कपाटाच्या मधे उभं करते. तिथे उजवा हात कपाटाला चिकटतो, म्हणून टेप नेहमी डाव्या खांद्यालाच लागते.

"आत्या, माझ्या उजव्या खांद्याचं माप तू कधी घेतलंच नाहीस!"

आत्याने कपाटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा कपाटाकडे.

"अगं बाई," ती म्हणाली. एवढंच.

मी वर्तमानपत्रावर तो कागद दोनदा काढला, एकदा सुलटा आणि एकदा पालथा, आणि मधोमध चिकटवून अख्खी पुढची बाजू केली. पाठीचंही तसंच. खोलीच्या मधोमध उभं करून आत्याने माझं माप घेतलं. उजवं टोक चांगलं बोटभर खाली! तेवढी खांद्याची रेघ मी तिरकी उतरवली आणि जुन्या चादरीतून नमुना कापला. आत्याने कच्ची शिलाई मारली आणि तो माझ्या अंगावर चढवला.

गळा कसा बसला म्हणता! जागचा हलेना. मी आनंदाने हात वर केला आणि किंचाळले. काखेत करकचून काचलं.

"माइक काय दातांत धरणार आहेस?" आत्या हसत सुटली.

"थांब, सांगू नकोस! मला शोधू दे."

कागद जमिनीवर पसरून मी त्याच्यासमोर मांडी घातली. खांदा खाली आणला, पण मुंढा, म्हणजे बाही जोडायची ती गोल जागा, होता तिथेच राहिला. मग हाताला जागा उरणार कुठून? खांदा उतरला तर अख्खा मुंढाही तेवढाच उतरायला हवा! मी नवी रेघ मारली आणि वर पाहिलं. आत्या केव्हाची कात्री घेऊन उभी होती.

"हे मला आधीच दिसलं होतं," ती म्हणाली. "पण कपाटाचं नव्हतं दिसलं."

मग खरं निळं कापड. संध्याकाळी मी आरशासमोर उभी राहिले. खांदा होता तिथेच होता, खालीच. पण ड्रेस! गळा मधोमध, बटणांची रांग सरळ, हात वर केला तरी जराही तक्रार नाही. मी गिरकी घेतली. आणखी एक घेतली. आत्याने ते बेडूक-पॅड उचललं, त्यात सगळ्या टाचण्या खोचल्या आणि माझा अख्खा कागद खिळ्याला लावला, सगळ्या अर्ध्या कागदांच्या वर.

"बाबाला सांग, त्याचंही माप पुन्हा घ्यायचंय," ती म्हणाली. "दोन्हीकडून."

मी एका दमात जिना चढले. आई-बाबा टेबलाशी बसले होते.

"अगं, जॅकेट कुठाय तुझं?" आईने विचारलं.

"खाली राहिलं. राहू दे. आई, बाबा, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मी करतेय. याच ड्रेसमध्ये, स्टेजच्या मधोमध उभी राहून. उद्या बाईंना हो सांगणार आहे."