अर्धा नि अर्धा

ऐक ना, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक. आमच्या कारखान्यातला तो धाकटा माहितीये ना, क्रेनखाली उभा राहून मालाला पट्टे अडकवतो तो? त्याची ताई वर केबिनमध्ये बसून तीच क्रेन चालवायची. हात असा बसलेला की लोखंडाचा गठ्ठा टेकवला तरी धूळ उडायची नाही!

तापाचं निमित्त झालं आणि तिचा डावा डोळा नाकाकडे वळला. डोळा कानाकडे ओढणारा स्नायूच लुळा पडला. एका हुकाचे दोन दिसायला लागले. झालं, ताई घरी.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वरच्या स्नायूचे अर्धे तंतू नि खालच्याचे अर्धे, कानाकडच्या बाजूला आणून शिवू, लुळ्याच्या जागी."

ताईची कळी खुलली. "अर्धा नि अर्धा, झाला की अख्खा!"

"तशी बेरीज होत नाही हो. सगळे तंतू काही थेट डोळ्यापर्यंत पोचत नाहीत. कितीतरी मध्येच संपतात, शेजारच्याला धरून असतात. एकानं ओढलं की थोडा जोर शेजाऱ्याला ताणण्यातच जातो. चांगल्या डोळ्यातसुद्धा."

"म्हणजे आमच्या खात्यासारखंच! ढकलायला दहा जण, जोर पाचांचा."

बाईसुद्धा हसल्या.

ऑपरेशन झालं. डोळा सरळ झाला, समोरचं एकच दिसायला लागलं. पण एकदा ताई डावीकडच्या खुंटीला किल्ली अडकवत होती, मान न वळवता. किल्ली भिंतीवर आपटली. परत आपटली. मग तिनं मान वळवली आणि किल्ली अडकवली.

"ताई, दोन दिसतात ना अजून?"

"तू तुझं जेव. क्रेनवर मान वळवीन की."

पण गठ्ठा हवेत झुलत असताना मान वळवायला सवड कुठली? आणि खाली हा एकटा थोडाच असतो! त्यात क्रेनशिवाय ताईला दुसरं काही येतही नाही. आणि तो तरी काय करणार? डोळा काय त्याच्या हातात आहे, ओढून जागेवर आणायला?

शेवटच्या तपासणीला बाईंनी ताईची हनुवटी धरली, पेन डावीकडे नेलं.

"किती?"

"एक."

"डोळा जरा मागे राहतोय. पण तुम्हाला किती दिसतात ते मला बाहेरून कळायचं नाही. नक्की एक?"

"एकच, बाई."

बाई धाकट्याकडे वळल्या. "तुम्ही घरी बघता यांना. बिनधास्त कामावर पाठवू ना?"

ताई त्याच्याकडे बघत होती. चेहरा असा झाला होता तिचा, की काय सांगू! बाई थांबल्यात, ताई थांबलीये.

सांग ना, तू असतास तर काय बोलला असतास?