जिभेवर गार लागणारं तीर्थ

बाळापूरच्या बाजाराचा दिवस असूनही सारी माणसं तांड्यावर लोटली होती. पाय ठेवायला जागा नव्हती. जगन डोळे उघडणार होता ना!

पंधरवड्यापूर्वी हळदीच्या ट्रॅक्टरवरून जगन डोक्यावर पडला. टाके पडले, घरी आला, पण माणूसच बदलला. दिवसभर झोपायचा, उठला की खेकसायचा, सारखा गूळ मागायचा. कुठून तरी उपटलेल्या पुनमचंद महाराजानं लगेच निदान केलं, "गूळ भूत मागून राहिलं, पोरगं न्हाई! अन्न तोडा, दवाखाना तोडा!" तांड्यात देवीला निखाऱ्यावर भोग देतात. महाराजानं तेच धरलं. जगनच्या वाटचा घास निखाऱ्यावर जाऊ लागला आणि उरलेली लापशी महाराजाच्या पोटात. तिथं शिरायला भुताची काय बिशाद!

रोजच्यासारखा महाराजानं लोटा उंचावला. "हट्! सोड हे झाड, सोड या पोराला!" घामानं चिंब झालेल्या जगनच्या तोंडात त्यानं तीर्थ ओतलं. जगन ठसकला. थोड्या वेळानं डोळे किलकिले करून पुटपुटला, "दिपा..."

एकच जयजयकार झाला. जगनच्या आईनं, मिराबाईनं, महाराजाचे पाय धरले. दिपा, जगनची बायको, मात्र दिवस मोजत होती. नवरा रोज आदल्या दिवसापेक्षा कमीच जागा होत होता.

"भूत कमजोर पडलं," महाराज गरजला. "आता अवसेपर्यंत तीर्थ बी बंद. मंग ते निघून जाईल."

"अन् त्याच्यासंगं हा बी जाईल!" दिपा ओरडली.

"सुनेनं तोंड घातलं की भूत चेकाळतं," महाराज म्हणाला. चार बायकांनी तिलाच दटावलं.

जगनची हनुवटी पदरानं पुसताना तिनं सांडलेलं तीर्थ बोटानं चाखलं. गोड! आणि जीभ एकदम गार पडली. हा गारवा तिच्या ओळखीचा होता. हळद शिजवताना उन्हानं घेरी आली की बायका हीच पांढरी पावडर जिभेवर टाकतात. दुकानातलं ग्लुकोज! मेल्या, उपाशी तूच मारतो अन् साखर पाजून देव बी तूच होतो?

ती तशीच पळत सडकेला लागली. जीपनं बाळापूर गाठलं आणि तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टर हरीशना घेऊनच परतली. तोवर जगन हाकेलाही हलत नव्हता.

डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब तपासला. त्यांचा चेहरा उतरला. "साखर पार तळाला गेलीय."

"सुई लावाल तर भूत तुमच्या अंगावर येईल!" महाराज ओरडला.

"येऊ द्या. तोवर तुम्ही ही सलाईनची बाटली धरा."

शिरेतून ग्लुकोज गेलं. मिराबाई श्वास रोखून बघत होती. जगनच्या पापण्या हलल्या, डोळे उघडले. "याडी, पाणी," तो आईला म्हणाला.

डॉक्टर गर्दीकडे वळले. "मी कोणता मंत्र म्हटला?"

दिपानं महाराजाची झोळी उपडी केली. ग्लुकोजचे पुडे भुईवर पडले.

"डोक्याला मार बसला की मेंदू आधी भडाभडा साखर जाळतो," डॉक्टर म्हणाले. "मग त्याचा जाळ मंदावतो. सावरायला कैक आठवडे लागतात. म्हणून ही झोप, ही चिडचिड. मेंदूजवळ साठा नसतो, रक्तातून येईल त्यावरच तो जगतो. तुम्ही तेच तोडलंत! आणि गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतता? छातीत गेलं असतं म्हणजे? ग्लुकोजनं फक्त उपासाची तूट भरली, मार बरा झाला नाही. आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या, डोक्याचा फोटो काढायचाय."

महाराज मागच्या मागं सटकत होता. पोरांनी त्याला बखोटीला धरून पोलिसांकडं नेलं.

जगनला जीपमध्ये घातलं तेव्हा मिराबाई ऊर बडवू लागली. "माय असून लेकराला उपाशी ठेवलं गं मी!"

दिपानं तिला हाताला धरून शेजारी बसवलं. मग खाली उभ्या माणसांना म्हणाली, "पुन्हा कुणी म्हणलं ना, माणसाचं अन्न तोडा, दवाखाना तोडा, तर आधी त्याला इचारा, काहून? ज्याला हे सांगता येत न्हाई, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका."